नऊ गाठींचा दोरा

हारुप्याना गावात दोन गोष्टी फुकट मिळतात, राकी, म्हणजे आमची घरगुती दारू, आणि सल्ला. त्यातली राकी चांगली असते.

गावाच्या वेशीवर एक पाटी आहे, 'खरा भुलभुलैया, दोन किलोमीटर'. पाटीला सतरा भोकं आहेत. आमच्याकडे कोणाला मुलगा झाला, कोणाचं लग्न ठरलं, नाहीतर कोणाची नुसती सकाळ बरी गेली, तरी पुरुषमाणूस गाडी थांबवून पाटीवर बंदुकीचा एक बार काढतो. डोंगरापलीकडच्या गावातही अशीच पाटी आहे आणि तिच्यावर 'खरा' हा शब्द जरा मोठ्या अक्षरांत आहे. गुहा दोन्हीकडे आहेत. दोन्ही जुन्या दगडाच्या खाणी आहेत, असं शिकलेले लोक म्हणतात, म्हणून त्यांना कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण जगानं ती अथेन्सवाल्यांकडून ऐकली आहे. आमच्याच बेटावर राजा मिनोसच्या भुलभुलैयात बैलाच्या तोंडाचा राक्षस होता. अथेन्सहून थिसेआस नावाचा तरणाबांड गडी आला. राजाची पोर आरियाद्नी त्याच्यावर भाळली आणि तिनं त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. टोक दाराशी बांध, उलगडत आत जा, काम झालं की गुंडाळत परत ये. गडी आत गेला, राक्षस मारला, परत आला, पोरीला बोटीत घालून पळाला आणि वाटेत नाक्सोस बेटावर ती झोपेत असताना तिला टाकून चालता झाला. अथेन्समध्ये हा पराक्रम समजतात. आमच्या बायका ही गोष्ट मुलींना शहाणं करण्यासाठी सांगतात आणि शेवटी एकच विचारतात, "दोरा तरी परत दिला का मेल्यानं?"

रुबिनीला गावात पाठीमागे 'नाक्सोसवाली' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण ती उंचीनं बेताची असली तरी जिभेनं नव्हती.

ती त्र्याहत्तर वर्षांची होती. गावाच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मागानं व्यापलेली आणि दुसरी लोकरीनं. लग्न झालेलं नव्हतं. ठरलं मात्र होतं, आणि न झालेल्या लग्नाची आठवण गाव झालेल्या लग्नापेक्षा चांगली ठेवतं. १९७० साली योर्दानिस नावाचा माणूस आमच्या गुहेचा नकाशा काढायला आला. तो पिरेयसचा, म्हणजे आमच्या हिशेबात अथेन्सचाच. आत जायला त्याला लांबलचक दोरा हवा होता, आणि गावात दोरा कोणाकडे असणार? रुबिनीनं दिला. गाव तेव्हापासूनच हसायला बसलं होतं. वर्षभरात लग्न ठरलं, मेजवानीचं पीठसुद्धा मळलं गेलं, आणि लग्नाला नऊ दिवस असताना योर्दानिस सकाळच्या बसनं निघून गेला. रुबिनीच्या थोरल्या भावानं, आंद्रूलिसनं, तिला सांगितलं, "शेत नको म्हणाला. शहरात घर मागत होता. आपण काय राजे आहोत?" रुबिनीनं ऐकून घेतलं, मागावर जाऊन बसली आणि पुढची बावन्न वर्षं तो विषय तिनं कोणाला काढू दिला नाही.

या बावन्न वर्षांत ती गावाची गुंता सोडवणारी झाली. सुरुवात लोकरीपासून झाली. कोणाच्या मागावरचा ताणा गुंतला की तिला बोलावत. ती येऊन पहिलं काम करी, ते सगळ्यांचे हात बाजूला करण्याचं. "ओढू नका. ओढून आजवर कुठली गाठ सुटली आहे? दोरा जिथवर सरळ होता, तिथवर मागे जायचं. तिथून पुन्हा यायचं." हळूहळू लोक तिच्याकडे दुसरे गुंते आणायला लागले, कारण आमच्या गावात लोकर कमी आणि गुंते जास्त. अकरा वर्षं अबोला धरलेल्या दोन जावांना तिनं समोरासमोर बसवलं आणि "त्याच्या आधी काय झालं?" एवढंच विचारत मागे नेलं. भांडण शेवटी एका न परत केलेल्या चाळणीपाशी येऊन थांबलं. चाळणी दोघींनीही तोवर हरवली होती.

पापा-एलिसेओस, आमचे पाद्री, यांची चर्चची किल्ली हरवली तेव्हा तर तिनं त्यांच्या झग्याच्या बटणाला लोकरीचं टोक बांधलं आणि त्यांना सकाळपासून जिथे जिथे गेले होते तिथे उलट चालत नेलं. चर्चमधून आजारी म्हातारीकडे, म्हातारीकडून ओट्यावर, ओट्यावरून राकीच्या भट्टीवर. किल्ली भट्टीच्या फळीवर होती. "मी भट्टीला आशीर्वाद द्यायला गेलो होतो," पापा म्हणाले. "मग आशीर्वादाचे पेलेही तिथेच आहेत," रुबिनी म्हणाली. हे पापा विसरले नाहीत आणि ते पुढे कामी आलं.

एक सवय तिची आणखी होती. अडलेल्या कामाला निघाली की ती एप्रनच्या खिशात दोरा ठेवी आणि जे दार बंद मिळालं, त्याच्या नावाची एक गाठ मारी. लोक हसत. ती म्हणे, "भिंतीवर डोकं शहाण्याचंही आपटतं आणि मूर्खाचंही. शहाणा त्याच भिंतीवर पुन्हा आपटत नाही, एवढाच फरक."

तिच्या मालकीची म्हणण्यासारखी एकच गोष्ट होती. गुहेच्या वाटेवर अडतीस ऑलिव्हच्या झाडांचं शेत. लग्नात तिला द्यायचं ठरलेलं, म्हणून सगळं गाव त्याला 'हुंडा' म्हणे. "हुंडा नांगरला का गं?" "हुंड्याला कीड लागली म्हणतात." नवरा नसलेल्या बाईला रोज उठून हुंड्याची चौकशी करणारं गाव किती प्रेमळ असेल, याची कल्पना यावी. पण शेत तीच कसत होती. छाटणी, खत, झोडणी, सगळं एकटीनं. भाऊ जिवंत असेपर्यंत कधी काही बोलला नाही. तो गेला आणि त्याचा मुलगा मानूसोस घरचा कर्ता झाला. काळा शर्ट, काळी मिशी, काळी पिकअप. बाकी डोक्यात काय होतं ते अजून उजेडात आलेलं नव्हतं.

मग सरकारनं गावाच्या जमिनीची नोंद करायला घेतली. ज्याची जी जमीन असेल ती त्यानं येऊन सांगावी, कागद असेल तर दाखवावा. कागद कोणाकडेच नव्हते. आमच्या हद्दी 'मेलेल्या सिफिसच्या अंजिरापासून गाढव घसरलं त्या दगडापर्यंत' अशा असतात, आणि अंजीर, सिफिस आणि गाढव तिन्ही केव्हाच गेलेले. त्यात हा प्रश्न काफेनियोत, गावच्या कॉफीच्या अड्ड्यावर, चार लोकांदेखत विचारला गेला. कुठला मर्द चार लोकांदेखत आपलं शेत आहे तेवढंच सांगेल? प्रत्येकानं थोडं वाढवून सांगितलं. सगळ्यांची बेरीज केली तर गाव चार किलोमीटर समुद्रात जातं, असं मोजणीवाला म्हणाला. काफेनियोचा मालक पांदेलिस त्याला म्हणाला, "समुद्रच अलीकडे सरकलाय, साहेब. आमचा काय दोष?"

कच्ची यादी लागली तेव्हा 'हुंडा' मानूसोसच्या नावावर होता.

रुबिनी त्याच्या दारात गेली. तो पिकअप धूत होता.

"आत्या, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "कागदावर कोणाचं तरी नाव लागतं."

"मग माझं का नाही लागलं?"

"तू एकटी. उद्या काही झालं तर शेत कोणाकडे येणार? माझ्याकडेच ना? मी नुसता वेळ वाचवला."

"कशाचा? मी मरायची वाट बघण्याचा?"

"असं कसं बोलतेस? आणि हुंडा लग्नासाठी असतो. लग्न झालं नाही, हुंडा घरी परत आला. बाबाही हेच म्हणायचे." त्यानं फडकं पिळलं. "तिथे चार व्हिला होणार आहेत. पोहायच्या तलावासकट. एकीला तुझं नाव देऊ, हवं तर."

व्हिलांना आरियाद्नीचं नाव द्यायचं आधीच ठरलं होतं, हे रुबिनीला दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे तेही खोटंच.

हरकत घ्यायला नोव्हेंबर अखेरपर्यंत मुदत होती. एकतर जुना कागद हवा, नाहीतर शेजारच्या दोन शेतवाल्यांनी शपथेवर लिहून द्यायचं की एवढी वर्षं शेत हीच कसते आहे. शेजारी दोनच. खालच्या अंगाला पांदेलिस, वरच्या अंगाला चर्चची जमीन, म्हणजे पापा-एलिसेओस. रुबिनीनं खिशात दोरा टाकला आणि निघाली.

पांदेलिस तिला पन्नास वर्षं रोज बांधावरून 'कालिमेरा', म्हणजे सकाळचा रामराम, करत आला होता. प्रश्न ऐकून तो पेले पुसायला लागला. पेले कोरडे होते.

"मी काय सांगणार गं? मी तेव्हा मेंढ्या घेऊन वर असायचो."

"पन्नास वर्षं?"

"मेंढ्या खूप होत्या."

पहिली गाठ.

पापा एका मठात गेले होते, महिनाभर येणार नव्हते. गावचा सरपंच म्हणाला, हा घरातला मामला आहे. त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता मानूसोस होता, तेव्हा घर कोणतं ते उघडच होतं. खालच्या गावच्या नोंदणी कार्यालयात पहिल्या दिवशी संगणक बंद होता, दुसऱ्या दिवशी संगणक चालू होता आणि बाई बंद होत्या. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, तुमच्याकडे कागद नाही, त्यासाठी करखात्यात जा. करखातं म्हणालं, शेत दरवर्षी भावाच्या अर्जात दाखवलं गेलं आहे, तुम्ही कधी स्वतःचा अर्ज का भरला नाहीत? "भाऊ भरतो म्हणाला," रुबिनी म्हणाली. "मग भावाला विचारा." भाऊ चर्चच्या मागे पुरलेला होता. तरी तिथेही ती गेली, पण त्या दाराची गाठ मारली नाही, कारण तिथून कधी उत्तर येतच नसे, जिवंतपणीही.

वनखात्यानं आणखी गंमत केली. त्यांच्या नकाशात, विमानातून काढलेल्या जुन्या फोटोवरून, शेत जंगल म्हणून लागलं होतं. झाडं दिसली म्हणून. "ओळीत आहेत ती," रुबिनीनं बोट ठेवून दाखवलं. साहेब म्हणाले, जंगल कधीकधी शिस्तीतही असतं. वकिलानं तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा कॉफी मागवली, आणि मग सांगितलं की मानूसोसचं काम त्यानंच केलं आहे. नोव्हेंबरचा मध्य आला तेव्हा दोऱ्यावर आठ गाठी झाल्या होत्या आणि ऑलिव्ह काळे व्हायला लागले होते.

गाव हे सगळं काफेनियोत बसून पाहत होतं. म्हातारी दमेल आणि गप्प बसेल, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. काहींना तिची कीव यायची. कीव आली की ते आणखी एक राकी मागवत, आणि ती उतरली की कीवही उतरे.

पापा-एलिसेओस मठातून परत आले. रुबिनी त्यांच्या ओट्यावर गेली. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि लगेच हात जोडले.

"लिहून देता येणार नाही, रुबिनी. चर्चच्या जमिनीच्या बाबतीत बिशपची परवानगी लागते. सहा महिने जातात."

"माझ्याकडे बारा दिवस आहेत."

"ठाऊक आहे."

तिनं खिशातून दोरा काढला आणि नववी गाठ मारली. पापा बघत राहिले. मग म्हणाले, "एक विचारू? राग येईल."

"आला तर बघू."

"मला तू एका किल्लीसाठी भर गावातून उलटं चालवलंस. बटणाला लोकर बांधून. भट्टीपर्यंत. लोक अजून हसतात."

"किल्ली मिळाली ना?"

"मिळाली. त्या जावांना चाळणीपर्यंत नेलंस. सगळ्या गावाला सांगतेस, जिथवर सरळ होतं तिथवर मागे जा. आणि तू स्वतः आठ दारं फिरलीस, ती सगळी पुढची. मागचं एकही नाही." त्यांनी तिच्या दोऱ्याकडे बोट केलं. "तुझं शेवटचं सरळ कधी होतं, बाई?"

उत्तर रुबिनीला ठाऊक होतं. १९७१ चा फेब्रुवारी. खालच्या गावातल्या नोटरीची खोली. शेगडी पेटलेली, भाऊ कडक कॉलरमध्ये, योर्दानिस खिडकीपाशी, आणि टेबलावर हुंड्याचा करार. करार जुन्या सरकारी भाषेत होता. ती भाषा न्यायाधीशांना आणि बहुधा देवाला समजत असेल. तिला कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं होतं. तिनं केली. योर्दानिसनं तिच्याकडे पाहिलं होतं आणि ती खाली बघून हसली होती, आणि साक्षीदार सह्या करायला आत यायच्या आधीच बाहेर पडली होती. त्यानंतर आयुष्यात सरळ असं फारसं काही झालं नाही.

तो कागद कुठेतरी असेल, हे तिला पहिल्या दिवसापासून सुचत होतं. पण मोडलेल्या लग्नाचा कागद मागायला जायचं, आणि तो कोणा परक्या माणसानं तिच्यासमोर मोठ्यानं वाचायचा, यापेक्षा तिला वनखात्याचा साहेब बरा वाटला होता. दुसऱ्यांच्या गुंत्यात हात घालणं सोपं असतं. त्यात आपली लाज गुंतलेली नसते.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं खाली गेली.

जुना नोटरी केव्हाच वारला होता. त्याचं दप्तर फिरत फिरत मिर्तो नावाच्या एका तरुण नोटरीणबाईंकडे आलं होतं. मिर्तोनं तळघरातली खोकी उघडली, शिंकली, पुन्हा उघडली. दीड तासानं ती एक पिवळी जुडी घेऊन वर आली.

"मावशी, यात लग्न मोडल्याचं काही लिहिलेलं नाही."

"कसं असेल? लग्न नंतर मोडलं. हुंडा परत गेला."

"परत जाणार नाही." मिर्तोनं चष्मा वर केला. "शेवटी एक वेगळं कलम आहे. नवऱ्या मुलानं घालायला लावलंय. मी साध्या भाषेत सांगते. 'नियोजित वर योर्दानिस अमुक असं सांगतो की त्याला शेत नको, दुसरं काहीही नको. शेत वधूच्या एकटीच्या नावानं राहील. लग्न होवो अथवा न होवो, त्यावर वराचा किंवा वधूच्या घरच्यांचा हक्क राहणार नाही.' खाली सह्या आहेत. तुमची, त्याची, तुमच्या भावाची. आणि दोन साक्षीदार."

रुबिनीनं तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिनं मधेच विचारलं, "दुसरं काहीही नको, असंच लिहिलंय? शहरात घर वगैरे?"

"घराचं कुठेच काही नाही, मावशी."

परतीच्या बसमध्ये तिला एक गोष्ट आठवली, जी तिला पन्नास वर्षांत कोणी विचारली नव्हती आणि तिनंही स्वतःला विचारली नव्हती. गुहेचं काम संपलं तेव्हा योर्दानिसनं दोरा परत आणून दिला होता. धुतलेला, तिच्यापेक्षा घट्ट गुंडाळलेला, वर्तमानपत्रात बांधलेला, आणि वर चिठ्ठीत दोऱ्याची लांबी लिहिलेली, चारशे बारा मीटर. त्याची आजी समुद्रापलीकडच्या स्मिर्ना शहरातल्या कत्तलीतून जीव वाचवून आली तेव्हा तिच्याकडे अंगावरचा कोट तेवढा होता. आमच्या घरी जमीन नव्हती म्हणून कोणाचं लग्न अडलं नाही, असं तो म्हणायचा. गावात हे ऐकून लोक गप्प होत. जमीन नसलेला माणूस तसं सांगून मोकळा होतो, हे आमच्याकडे असभ्य समजतात.

ती खिडकीला डोकं टेकून रडली. बसमध्ये गावातल्या दोन बायका होत्या, त्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावात पोहोचलं की रुबिनी हरली.

हरकत दाखल झाली, कागद जोडला गेला, आणि नोंदणीच्या बाई या वेळी चालू असल्यामुळे आठवड्यात शेत रुबिनीच्या नावावर लागलं. करार तेव्हा नोंदवला गेला नव्हता एवढीच अडचण निघाली, ती मिर्तोनं दोन शिक्क्यांत मिटवली. रुबिनीनं शिक्का मारलेली प्रत घेतली आणि सरळ काफेनियोत गेली.

सकाळची वेळ होती. शेगडीभोवती सात-आठ पुरुष होते. आमच्याकडे बाई काफेनियोत येते ती नवऱ्याला हाक मारायला, तीही दारातून. रुबिनी आत आली, मधली खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "एक कॉफी. साखर नको."

मानूसोस कोपऱ्यात पत्ते खेळत होता. तिनं कागद त्याच्या पत्त्यांवर ठेवला. "तुझ्या बापाची सही ओळखतोस ना?"

त्यानं वाचलं. जुनी भाषा त्यालाही समजत नव्हती, पण सही समजत होती. बापाच्या सहीतला तो शेवटचा फराटा सगळ्या गावाला ठाऊक होता. मग त्यानं पत्ते टाकले, टोपी घातली आणि निघून गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. या वेळी पाटीवर बार काही ऐकू आला नाही.

पांदेलिसनं कॉफी आणून ठेवली. तो परत वळायच्या आत रुबिनीनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"ही सही कोणाची?"

पांदेलिसनं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझीच दिसते."

"तू तर मेंढ्या घेऊन वर होतास."

शेगडीभोवतीच्या लोकांना अचानक आपापल्या जपमाळा मोजायच्या आठवल्या.

"काय झालं होतं त्या आठवड्यात?"

"जाऊ दे, रुबिनी. मेलेल्या माणसाबद्दल..."

"मी मेलेली नाही. मला सांग."

"तुझ्या भावानं माझ्या पोराला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं. आम्ही सिंतेक्नो. सख्ख्या भावापेक्षा जवळचे. त्याच्याविरुद्ध मी तोंड कसं उघडणार होतो?" त्यानं खुर्चीची पाठ धरली. "नोटरीसमोर तो हसत हसत सही करून मोकळा झाला. नाही म्हटलं असतं तर चिक्कू दिसला असता. आणि परत येताना, तू बसनं पुढे गेली होतीस, त्यानं तिसऱ्या वळणावर गाडी थांबवली. म्हणाला, त्यानं आपलं शेत नको म्हटलं. आपलं शेत म्हणजे काय उकिरडा आहे? हा अपमान आहे. मी म्हटलं, हो, अपमानच आहे."

"शेत नको म्हणाला, हा अपमान?"

"तेव्हा तसंच वाटलं. घरचा हुंडा नाकारतो म्हणजे काय? लोकांत तोंड कसं दाखवायचं?" त्यानं फडक्यानं टेबल पुसलं. "मग योर्दानिसला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. बंदूक घेऊन गेलो होतो."

"बंदूक आंद्रूलिसची?"

"माझी. त्याची नादुरुस्त होती."

रुबिनीनं कॉफीचा एक घोट घेतला. "आणि तो गेला तो गेला. परत कधी विचारलंही नाही."

पांदेलिसनं भिंतीकडे पाहिलं. तिथे एक काळा जुना फोन टांगलेला आहे. आता शोभेला. पण त्या काळात सगळ्या हारुप्यानात तेवढा एकच फोन होता, आणि मुलगा झाल्याची, माणूस गेल्याची, सगळी बातमी आधी पांदेलिसच्या कानात यायची.

"फोन केला होता," तो म्हणाला.

"कितीदा?"

"तीनदा. आणि चौथ्यांदा ईस्टरला."

"तू काय सांगितलंस?"

"आंद्रूलिस इथेच बसला होता. तू बसली आहेस त्याच खुर्चीत."

"मी विचारलं, तू काय सांगितलंस?"

"की तुझं लग्न झालं."

शेगडीत एक लाकूड खाली बसलं. रुबिनीच्या खिशात नऊ गाठींचा दोरा होता, आणि त्यातली पहिली गाठ ह्याच दारात मारलेली होती.

"कोणाशी?" तिनं विचारलं.

"काय?"

"लग्न. कोणाशी झालं माझं?"

"त्यानं विचारलं नाही. मग मीही काही सांगितलं नाही."

"बावन्न वर्षं झाली माझ्या लग्नाला, पांदेलिस," रुबिनी म्हणाली. "नवऱ्याचं नाव तरी सांगायचं होतंस. रोज बांधावर भेटत होतास."

कोणी हसलं नाही. तिनं कॉफी संपवली, कागदाची घडी घातली आणि ऑलिव्ह झोडायला गेली. नोव्हेंबर संपत आला होता आणि अडतीस झाडं अजून उभी होती.